वाचकांचे प्रश्न : बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये संघाने खेळाडू कसा निवडावा?

मेजर लीग बेसबॉलची, म्हणजे उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेची, ओळख करून देणारे लेख या सदरात प्रसिद्ध झाल्यापासून सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून येणाऱ्या पत्रांत एक विषय वारंवार दिसतो. तो म्हणजे दर वर्षी जुलैमध्ये होणारा हौशी खेळाडूंचा ड्राफ्ट आणि त्यात संघाने नेमका कसा विचार करावा, हा प्रश्न. क्रिकेटवर जीव असलेल्या आपल्या गावात या विषयाची इतकी बारीक चौकशी व्हावी, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पत्रांतील मजकूर थोडा आटोपशीर करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : आयपीएलचा लिलाव आम्ही दर वर्षी पाहतो. बेसबॉलचा ड्राफ्टही तसाच असतो का? तसे असेल, तर श्रीमंत संघच सगळे चांगले खेळाडू का उचलून नेत नाहीत?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : ड्राफ्ट हा लिलाव नाही. लिलावात एका खेळाडूसाठी अनेक संघ बोली लावतात. ड्राफ्टमध्ये प्रत्येक संघाची पाळी ठरलेली असते आणि पाळी आलेल्या संघाने एखाद्याचे नाव पुकारले, की त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क त्या एकाच संघाकडे जातो. ही पद्धत १९६५ मध्ये सुरू झाली. त्याआधी जो संघ जास्त पैसे मोजेल त्याच्याकडे मुलगा जाई, आणि आपण म्हणता तेच घडत असे. पहिल्या ड्राफ्टमध्ये कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सने रिक मंडे या खेळाडूचे नाव सर्वांत आधी पुकारले.

सर्वसाधारण नियम असा, की गेल्या हंगामात मागे पडलेल्या संघाला आधी पाळी मिळते. मात्र त्यासाठी मुद्दाम हरण्याचा मोह कोणाला होऊ नये म्हणून २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा क्रमांकांसाठी सोडत काढली जाते. प्ले-ऑफपर्यंत न पोहोचलेले १८ संघ या सोडतीत असतात आणि सर्वांत तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, म्हणजे १६.५ टक्के, संधी असते. पूर्वी चाळीस आणि त्याहीआधी पन्नास फेऱ्या चालत. २०२१ पासून वीसच फेऱ्या होतात.

शाळा संपवलेला आणि अजून कॉलेजात न गेलेला मुलगा ड्राफ्टला पात्र असतो. चार वर्षांच्या कॉलेजात गेल्यावर मात्र तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे होईपर्यंत त्याला थांबावे लागते. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी उत्तरे तिच्यावर उभी आहेत. नाव पुकारले गेले म्हणून खेळाडू बांधला जात नाही. देऊ केलेली रक्कम पटली नाही, तर शाळकरी मुलगा सरळ कॉलेजची वाट धरतो आणि संघाचा हात रिकामा राहतो.

प्रश्न : मी शाळेत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल शिकवतो. आमच्या संघात ज्या जागेवर खेळाडू कमी असतो, ती जागा भरण्याच्या दृष्टीने आम्ही निवड करतो. अमेरिकेतील एखाद्या संघाला चांगल्या पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) निकड आहे आणि त्यांची पाळी आली तेव्हा शिल्लक असलेला सर्वांत गुणी खेळाडू शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) आहे, तर त्यांनी काय करावे?
— एक क्रीडाशिक्षक, बार्शी

उत्तर : सर, त्यांनी शॉर्टस्टॉपच घ्यावा, आणि हे मी कोणतीही अट न घालता लिहितो आहे.

आपली पद्धत आपल्या ठिकाणी योग्यच आहे, कारण शाळेचा संघ याच हंगामात मैदानात उतरणार असतो. ड्राफ्टमधून घेतलेला मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी मेजर लीगमध्ये खेळायला येत नाही. त्याला रूकी लीग, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या व्यावसायिक स्पर्धांच्या, पायऱ्या चढाव्या लागतात. कॉलेजातून आलेल्या खेळाडूला त्यासाठी साधारण दोन-तीन वर्षे आणि शाळेतून आलेल्याला चार-पाच वर्षे लागतात. बहुसंख्य मुले तर शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतही नाहीत. आज संघात पिचरची जी उणीव दिसते, ती तोपर्यंत दुसऱ्याच कोणामुळे भरून निघालेली असते, आणि आज भक्कम वाटणारी जागा एखाद्याच्या दुखापतीने किंवा करार संपल्याने उघडी पडलेली असते. चार वर्षांनंतरची गरज आज ओळखता येते असे मानणे, ही ड्राफ्टमधील सर्वांत महाग पडणारी समजूत आहे.

आपल्याकडचेच एक उदाहरण आहे. २००८ मध्ये पहिल्या आयपीएलच्या आधी एकोणीस वर्षांखालील खेळाडूंसाठी वेगळा ड्राफ्ट झाला होता. त्यात दिल्लीच्या संघाने डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान याला पसंती दिली, कारण त्यांच्याकडे फलंदाज पुरेसे होते. नुकताच युवा विश्वचषक जिंकून आलेला, दिल्लीचाच विराट कोहली त्यामुळे बंगळूरुकडे गेला. दिल्लीचा त्या क्षणीचा विचार तर्काला धरून होता. फक्त तो एका हंगामापुरता होता, आणि ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा होता तो मुलगा पुढे दीड दशकाहून अधिक काळ खेळणार होता.

दुसरे कारण खेळाच्या आतले आहे. शाळेत आणि कॉलेजात सर्वांत चपळ, हात चांगला असलेला आणि समज पक्की असलेला मुलगा बहुधा शॉर्टस्टॉपवर उभा केला जातो, हे आपणही मैदानावर अनुभवले असेल. असा मुलगा पुढे दुसऱ्या बेसवर, तिसऱ्या बेसवर किंवा आउटफिल्डमध्ये हलवता येतो. याच्या उलट दिशेचा बदल क्वचितच जमतो. मुकी बेट्सला बोस्टनने २०११ मध्ये पाचव्या फेरीत इनफिल्डचा खेळाडू म्हणून घेतले. तो तयार झाला तेव्हा दुसऱ्या बेसवर डस्टिन पेड्रोइया ठाण मांडून होता. संघाने बेट्सला आउटफिल्डमध्ये नेले आणि २०१८ मध्ये तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक; दुसरा नॅशनल लीग) सर्वोत्तम खेळाडू ठरला. पेड्रोइयाकडे पाहून २०११ मध्येच त्याच्यावर फुली मारली असती, तर बोस्टनच्या हातून काय निसटले असते, याचा विचार करावा. जेकब डिग्रॉम हाही स्टेट्सन विद्यापीठात मुख्यतः शॉर्टस्टॉपच होता. मेट्सने त्याला २०१० मध्ये नवव्या फेरीत घेऊन पिचर केले, आणि २०१८ व २०१९ अशी सलग दोन वर्षे त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. म्हणजे ज्या संघाला पिचर हवा आहे, त्याला तोसुद्धा कधी कधी शॉर्टस्टॉपमध्येच सापडतो.

गरजेचा विचार दोनच ठिकाणी करावा. दोन खेळाडूंचे मोल खरोखर समसमान ठरत असेल, तर ज्या जागेवर आपल्या मायनर लीगमध्ये माणसे कमी आहेत तिकडे झुकावे. तसेच वीस फेऱ्यांच्या ओघात पुरेसे कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारे खेळाडू, घेतले जातील याकडे लक्ष ठेवावे, कारण प्रत्येक संघाला मायनर लीगमधील आपले चार पूर्ण हंगामी संघ चालवायचे असतात आणि कॅचरशिवाय पिचरचा सरावही होत नाही.

प्रश्न : मी हिशेबाचे काम करतो. पहिल्या क्रमांकाची पाळी असलेला संघ कधी कधी सर्वोत्तम समजला जाणारा खेळाडू सोडून कमी पैशांत करार करणारा खेळाडू घेतो, असे वाचनात आले. काटकसरीच्या नावाखाली केलेली ही पडती तडजोड नव्हे का?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : ती कधी पडती तडजोड असते आणि कधी फार विचारपूर्वक टाकलेले पाऊल असते. दोन्हींतला फरक आपल्या व्यवसायातील माणसाला लगेच कळेल, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहितो.

२०१२ पासून पहिल्या दहा फेऱ्यांतील प्रत्येक क्रमांकाला एक अपेक्षित रक्कम ठरवून दिलेली असते. संघाच्या वाट्याला आलेल्या सर्व क्रमांकांच्या रकमांची बेरीज हा त्या संघाचा करारांसाठीचा एकूण निधी. हा निधी कोणावर किती खर्च करायचा, हे संघाने ठरवायचे. बेरजेच्या वर पाच टक्क्यांपर्यंत गेल्यास जादा रकमेवर ७५ टक्के कर भरावा लागतो. पाच टक्क्यांची रेषा ओलांडली, तर कराबरोबर पुढच्या ड्राफ्टमधील पहिल्या फेरीची पाळीही जाते, आणि त्याहून पुढे शिक्षा आणखी कडक होत जाते. अकराव्या फेरीपासून दीड लाख डॉलरपर्यंतची रक्कम निधीत धरली जात नाही, त्यापुढची धरली जाते. सर्वांत महत्त्वाचे कलम असे, की एखाद्या खेळाडूशी करार झालाच नाही, तर त्याच्या क्रमांकाची रक्कम निधीतून वजा होते. ती दुसऱ्या कोणावर खर्च करता येत नाही.

या नियमांमुळे पहिली निवड एकटी उरत नाही. ती दुसऱ्या, चौथ्या आणि अकराव्या फेरीशी बांधलेली असते. ह्यूस्टन ॲस्ट्रोजने २०१२ मध्ये हे सर्वांच्या आधी ओळखले. पहिला क्रमांक त्यांचा होता आणि त्याची अपेक्षित रक्कम ७२ लाख डॉलर होती. त्यांनी प्युएर्टो रिकोचा सतरा वर्षांचा शॉर्टस्टॉप कार्लोस कोरेया याची निवड केली आणि त्याच्याशी ४८ लाखांत करार केला. उरलेल्या पैशांतून त्यांनी ४१ व्या क्रमांकावर लान्स मॅक्युलर्स या शाळकरी पिचरला २५ लाख दिले, म्हणजे त्या क्रमांकाच्या अपेक्षित रकमेच्या जवळजवळ दुप्पट. चौथ्या फेरीत रिओ रुईझला त्यांनी १८ लाख ५० हजार दिले. जास्त रक्कम मागत असल्यामुळे इतर संघांनी मागे सोडलेली ही मुले होती. पुढे कोरेया आणि मॅक्युलर्स २०१७ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपदाची मालिका, जिंकणाऱ्या संघात होते. रुईझला देऊन केलेल्या अदलाबदलीत आलेला इव्हान गॅटिसही त्याच संघात होता.

आता दुसरी बाजू पाहू. २००४ मध्ये सॅन डिएगो पाद्रेजने पहिल्या क्रमांकावर त्याच शहरातील शॉर्टस्टॉप मॅट बुश याला घेतले, आणि त्यात करार सहज जुळेल हा विचार मोठा होता. दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइटने जस्टिन व्हर्लँडरचे नाव पुकारले. बुश शॉर्टस्टॉप म्हणून मेजर लीगपर्यंत पोहोचलाच नाही. पुढे पिचर होऊन तो २०१६ मध्ये टेक्साससाठी खेळला. त्या काळी निधीची पद्धत नव्हती, त्यामुळे वाचलेला पैसा ड्राफ्टमध्येच दुसऱ्या गुणी मुलावर लावण्याची सक्ती नव्हती. तो फक्त खर्चातून वजा झाला.

माझ्या मते संघाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. स्वस्तात मिळणारा खेळाडू आपल्या यादीत पहिल्याच पंगतीतला आहे का? आणि वाचणारा पैसा नेमका कोणाला द्यायचा, त्याचे नाव आजच आपल्याकडे लिहिलेले आहे का? ह्यूस्टनकडे दोन्हींची उत्तरे तयार होती. यांपैकी एकाचे उत्तर जरी नकारार्थी असेल, तर पूर्ण रक्कम द्यावी आणि उत्तम खेळाडू घ्यावा. पिट्सबर्गने २०२३ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा पिचर पॉल स्कीन्स याला ९२ लाख डॉलर दिले. मे २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला आणि त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. तिथे हात आखडता घेण्याचे काहीच कारण नव्हते.

करार फिसकटला तर काय होते, हेही ह्यूस्टननेच पाहिले. २०१४ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या ब्रॅडी एकेनच्या वैद्यकीय तपासणीत कोपराच्या अस्थिबंधाबद्दल शंका निघाली, देऊ केलेली रक्कम कमी झाली आणि करार झाला नाही. निधी तितक्या रकमेने आटला आणि पाचव्या फेरीतील पिचरशी ठरत आलेला करारही त्यात बुडाला. भरपाई म्हणून पुढच्या वर्षी मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी ॲलेक्स ब्रेगमन घेतला आणि तो पुढे संघाचा आधारस्तंभ झाला. तरीही या शेवटावरून आधीच्या प्रकाराला चांगला म्हणता येणार नाही. वैद्यकीय माहिती नाव पुकारण्याआधी जितकी मिळवता येईल तितकी मिळवणे, हे ड्राफ्टच्या तयारीतील पहिल्या कामांपैकी एक मानले पाहिजे.

या क्रमांकांचे मोल किती, हे एका शिक्षेवरूनही दिसते. २०१७ मध्ये प्रतिस्पर्धी कॅचर आपल्या पिचरला करतो त्या खुणा कॅमेऱ्याच्या मदतीने चोरल्याचे सिद्ध झाल्यावर २०२० मध्ये ह्यूस्टनला ५० लाख डॉलरचा दंड झाला. त्याशिवाय २०२० आणि २०२१ या दोन्ही ड्राफ्टमधील त्यांच्या पहिल्या व दुसऱ्या फेरीच्या पाळ्या काढून घेण्यात आल्या. दंडाची रक्कम त्यांनी भरली आणि विषय संपला. गेलेल्या चार पाळ्या पैसे मोजून परत घेता येणाऱ्या नव्हत्या.

प्रश्न : आमची डाळिंबाची बाग आहे आणि मुलाच्या नादाने मीही मोबाइलवर बेसबॉल पाहू लागलो आहे. शाळेतून थेट घेतलेला अठरा वर्षांचा पिचर आणि कॉलेजात तीन वर्षे खेळलेला पिचर, यांत संघाने कोणाला पसंती द्यावी?
— एक शेतकरी, सांगोला

उत्तर : हा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कोणाला नीट कळणार नाही. फळ सुपारीएवढे असताना व्यापारी बाग उक्ती घेतो, तेव्हा पुढचा पाऊस, तेल्या आणि फळ तडकण्याची जोखीम तो स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्या मानाने भाव पाडून मागतो. ड्राफ्टमध्ये जोखीम तीच असते, पण भाव पडत नाही. अठरा वर्षांच्या मुलाकडे कॉलेजचा पर्याय शिल्लक असल्यामुळे तो तयार झालेल्या खेळाडूइतकीच, कधी कधी त्याहूनही जास्त रक्कम मागू शकतो. म्हणून शाळकरी पिचर पहिल्या दोन-तीन क्रमांकांवर घेण्याच्या बाबतीत संघाने फार सावध राहावे, असे माझे मत आहे.

आजवर एकदाही उजव्या हाताने फेकणारा शाळकरी पिचर पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला नाही. डावखुरे तीन निवडले गेले. त्यांतील एकेनचे काय झाले ते वर आलेच आहे. १९९१ मध्ये यांकीजने निवडलेल्या ब्रायन टेलरच्या खांद्याला १९९३ च्या डिसेंबरात एका भांडणात गंभीर दुखापत झाली आणि तो मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही. तिसरा डेव्हिड क्लाइड. त्याची हकीकत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. १९७३ मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला निवडले आणि शाळेतून बाहेर पडल्याला महिनाही झाला नसताना, प्रेक्षक यावेत म्हणून, थेट मेजर लीगच्या सामन्यात उतरवले. प्रेक्षक आले. क्लाइडच्या नावावर संपूर्ण कारकिर्दीत अठराच विजय लागले. त्या मुलाची निवड चुकली होती की निवडीनंतरची वागणूक चुकली होती, असे मला कोणी विचारले, तर मी वागणुकीकडे बोट दाखवीन.

अठरा वर्षांचे शरीर पूर्ण भरलेले नसते आणि वेगाने चेंडू टाकण्याचा मोठा ताण कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर येतो. तो फाटला, तर टॉमी जॉन या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया करावी लागते. डॉ. फ्रँक जोब यांनी ती १९७४ मध्ये पहिल्यांदा केली. त्यानंतर पिचरला पुन्हा उभे राहायला वर्षभराहून अधिक काळ लागतो. कॉलेजच्या पिचरला ही दुखापत होत नाही असे नाही. पण तीन वर्षे तगड्या फलंदाजांपुढे तो कसा टिकला, आठवड्यामागून आठवडा त्याचा हात कसा चालला, हे संघाला दिसलेले असते. तरीही खात्री कोणाचीच नसते. स्टॅनफर्डचा मार्क ॲपेल २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतला गेला आणि २०२२ मध्ये मेजर लीगमध्ये पोहोचला. त्याच्यामागोमाग दुसऱ्या क्रमांकावर गेलेला फलंदाज क्रिस ब्रायंट तोवर शिकागोकडून वर्ल्ड सिरीज जिंकून मोकळा झाला होता.

शाळकरी पिचरला पूर्णपणे वगळावे, असेही मी म्हणणार नाही. क्लेटन कर्शॉ २००६ मध्ये टेक्सासमधील शाळेतून सातव्या क्रमांकावर गेला आणि त्याने तीन साय यंग पुरस्कार मिळवले. अशा मुलांसाठी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, वाचवलेल्या पैशांतून, एकाऐवजी दोघा-तिघांवर रक्कम लावावी. एक जरी तयार झाला, तरी हिशेब जमतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. आता चेंडूच्या फिरकीपासून बॅटच्या वेगापर्यंत सगळे मोजता येते. मग गावोगाव फिरून खेळाडू हेरणाऱ्या स्काउटची गरज काय?
— एक वाचक, विजापूर रस्ता

उत्तर : मोजमापे हवीतच, आणि ती मागणाऱ्या संघाचीच बाजू मी घेईन. स्काउटचे कामही मुळात मोजण्याचेच आहे. होम प्लेटच्या मागे, जाळीजवळच्या खुर्चीत तो बसतो. एका हातात स्टॉपवॉच असते आणि मांडीवर वही. बॅटचा आवाज झाला की घड्याळ सुरू होते, आणि धावणाऱ्याचा पाय पहिल्या बेसला लागला की ते थांबते. उजव्या हाताच्या फलंदाजाने हे ९० फूट साधारण ४.३ सेकंदांत कापले, तर त्याचा वेग मेजर लीगच्या सरासरीइतका समजला जातो. कॅचरच्या हातमोज्यात चेंडू पडल्यापासून दुसऱ्या बेसवरील हातमोज्यात पोहोचेपर्यंत सुमारे दोन सेकंद लागले, तर तो कॅचर मेजर लीगच्या तोडीचा. बॅटिंग, ताकद, धावणे, क्षेत्ररक्षण आणि फेक या पाच गुणांना २० ते ८० या मापात गुण दिले जातात, आणि ५० म्हणजे मेजर लीगमधील सर्वसाधारण खेळाडू. सर, म्हणजे बार्शीचे आमचे क्रीडाशिक्षक, हे आपल्या मैदानावरही करून पाहू शकतात.

अडचण मोजण्यात नसून, ते मोजमाप कशाच्या समोर झाले आहे, यात असते. कॉलेजात धातूची बॅट चालते आणि व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडाची. म्हणूनच उन्हाळ्यातील केप कॉड लीगमध्ये, जिथे १९८५ पासून लाकडी बॅटने खेळतात, कॉलेजचा फलंदाज कसा खेळला याला संघ इतके वजन देतात. शाळकरी मुलाचे आकडे तर त्याहून कच्चे असतात, कारण समोरचा पिचर पुढे जाऊन शिक्षक होणार आहे की व्यावसायिक खेळाडू, हे आकड्यांच्या रकान्यात लिहिलेले नसते.

माइक ट्राउटचे उदाहरण यासाठी बारकाईने पाहावे. तो न्यू जर्सीतील मिलव्हिल या गावचा. तिथे वसंतातही थंडी रेंगाळते, सामने कमी होतात, आणि कॅलिफोर्निया किंवा फ्लोरिडातील मुलांच्या मानाने त्याची नोंदलेली कामगिरी तुटपुंजी होती. लॉस एंजेलिस एंजल्सचा त्या भागातील स्काउट मायनर लीगमध्ये एके काळी ट्राउटच्या वडिलांबरोबर खेळलेला होता. मुलाची ताकद आणि वेग त्याने स्वतः पाहिला आणि आपले मत तो संघात लावून धरत राहिला. २००९ च्या ड्राफ्टमध्ये एंजल्सकडे २४ आणि २५ हे लागोपाठचे क्रमांक होते. २४ व्या क्रमांकावर त्यांनी रँडल ग्रिचुक घेतला आणि २५ व्या क्रमांकावर ट्राउट. पुढे तीन वेळा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस त्याआधी पाळी आलेल्या सगळ्या संघांसमोर उपलब्ध होता.

यातून आकडे फोल ठरत नाहीत. एखाद्या ठिकाणी आकडे कमी असतील, तर त्याचा अर्थ मुलगा कमी आहे असा लावू नये, आणि तिथे आपला माणूस जास्त वेळा पाठवावा, एवढे यातून निघते. ड्राफ्टच्या खोलीत विश्लेषकाचा अहवाल आणि स्काउटचा अहवाल एकाच टेबलावर असावेत. दोघांचे मत टोकाचे वेगळे पडले, तर सरासरी काढून पुढे जाऊ नये. मतभेद कशावरून आहे हे शोधून काढावे. वर्षभराच्या कामातील सर्वांत मोलाची माहिती बहुधा तिथेच दडलेली असते.

प्रश्न : आपल्याकडचा मुलगा या ड्राफ्टमध्ये जाऊ शकतो का?
— एक पालक, अक्कलकोट

उत्तर : भारतात राहून नाही. अमेरिका, कॅनडा आणि प्युएर्टो रिको येथील रहिवासी आणि अमेरिकेतील शाळा-कॉलेजांत शिकणारे खेळाडू एवढ्यांनाच ड्राफ्ट लागू आहे. इतर देशांतील मुलांशी संघ थेट करार करतात. उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्याशी पिट्सबर्गने २००८ मध्ये केलेला करार याच प्रकारचा होता. शिक्षणासाठी अमेरिकेतील कॉलेजात गेलेल्या मुलाला मात्र दार उघडे आहे. सिडनीत वाढलेला ट्रॅव्हिस बझाना ओरेगॉन स्टेट विद्यापीठात शिकला आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये क्लीव्हलँडने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले.

प्रश्न : पहिल्या फेरीवर इतकी चर्चा होते. दहाव्या फेरीनंतरच्या निवडींना काही अर्थ असतो, की ती नुसती यादी पुरी करण्याची औपचारिकता असते?
— एक निवृत्त कर्मचारी, पंढरपूर

उत्तर : अर्थ असतो, आणि ज्या संघाकडे पैसा कमी त्याच्यासाठी तर अधिकच असतो. अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर सेंट लुइसला मिळाला, आणि त्याने ७०३ होमरन केले. माइक पियाझाचे नाव तर १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर आले, तेही डॉजर्सचे व्यवस्थापक टॉमी लासोर्डा यांच्या घरोब्याखातर. पहिल्या बेसवर खेळणाऱ्या या मुलाला कॅचर व्हायला सांगितले गेले, तेव्हा तो नवे काम शिकण्यासाठी डोमिनिकन प्रजासत्ताकातील संघाच्या अकादमीत जाऊन राहिला. २०१६ मध्ये त्याचा समावेश हॉल ऑफ फेममध्ये झाला.

आता वीसच फेऱ्या असल्यामुळे ६२ व्या फेरीतील पियाझा पुन्हा होणार नाही. तशी मुले ड्राफ्टबाहेर राहतात आणि ड्राफ्ट संपताच त्यांच्याशी थेट करार करता येतो. त्यामुळे शेवटचे नाव पुकारून झाल्यावर पुढच्या काही तासांत कोणाकोणाला फोन करायचे, याची यादीसुद्धा संघाने आधीच करून ठेवावी. अकराव्या ते विसाव्या फेरीत दोन प्रकारची मुले शोधावीत. एक म्हणजे दीड लाख डॉलरवर खुशीने येणारा, आणि एखादा गुण, मग तो फेकीचा वेग असो की नजर, ठळकपणे सरासरीच्या वर असलेला कॉलेजचा खेळाडू. दुसरा म्हणजे कॉलेजला जाण्याच्या बेतात असलेला महागडा शाळकरी मुलगा, ज्याच्यासाठी पहिल्या दहा फेऱ्यांत थोडी रक्कम बाजूला ठेवलेली आहे. तो करार जमला नाही, तरी अकराव्या फेरीनंतरच्या क्रमांकाला स्वतंत्र रक्कम नसल्यामुळे निधीतून काही वजा होत नाही. दोन्ही प्रकारच्या मुलांना त्या विभागाच्या स्काउटने स्वतः खेळताना पाहिलेले असावे, आणि ते किती रकमेवर येतील, हे नाव पुकारण्याआधी त्यांच्या घरी बोलून घेतलेले असावे.